स्मेक्टिकमधले थर आणि पाच अंशांखाली राहून गेलेलं पीक

प्रश्न थोडक्यात असा. हिंगोलीकडच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी ८सीबी हा द्रवस्फटिक (द्रवासारखा वाहणारा, तरी रेणूंची काहीशी शिस्तबद्ध मांडणी असलेला पदार्थ) घेतला. पुस्तकानुसार तो खोलीच्या तापमानाला स्मेक्टिक ए अवस्थेत असतो, म्हणजे त्याचे लांबट रेणू थराथरांत मांडलेले असतात. तिने काचपट्टीवर नमुना पसरून एक्सआरडीवर, म्हणजे एक्स-रे कुठल्या कोनात विखुरतात ते मोजणाऱ्या यंत्रावर, ५ ते ६० अंशांचा स्कॅन घेतला. २० अंशांच्या आसपास एक पसरट उंचवटा मिळाला, बाकी आलेख सपाट. थरांचं पीक (आलेखातलं टोकदार शिखर) कुठेच नाही. ती विचारते: नमुना खराब आहे का? थर असतात तर हा पदार्थ घन का नाही? मायक्रोस्कोपखाली थर का दिसत नाहीत? आणि स्मेक्टिक ए आणि सी यांतला फरक ओळखायचा कसा?

तुमचा नमुना बहुधा उत्तम आहे. तुमचा आलेखही बरोबर आहे, फक्त तो उशिरा सुरू झाला आहे. ८सीबीच्या दोन थरांमधलं अंतर सुमारे ३१.७ अँगस्ट्रॉम (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). तुमच्या यंत्रात तांब्याची एक्स-रे नळी असणार, तिची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम. थरांच्या अंतरावरून पिकाचा कोन देणाऱ्या ब्रॅगच्या सूत्रात हे दोन आकडे घाला, दोन थीटा, म्हणजे आलेखावरचा कोन, येतो जेमतेम २.८ अंश. तुम्ही ५ अंशांपासून सुरुवात केलीत, म्हणजे १७-१८ अँगस्ट्रॉमहून मोठं कुठलंही अंतर पहिल्या कोटीत (फर्स्ट ऑर्डर, म्हणजे त्या अंतराचं सर्वांत कमी कोनातलं पीक) तुम्हाला दिसणारच नव्हतं. खनिजं, सिमेंट, धातूंची ऑक्साइडं तपासणाऱ्यांना ५ किंवा १० अंशांपासूनचा स्कॅन पुरतो, म्हणून यंत्रावर तीच मांडणी ठेवलेली असते आणि यंत्र चालवणाराही तीच लावून देतो. द्रवस्फटिकवाल्याने मात्र यंत्राजवळ गेल्यावर पहिली चौकशी सुरुवातीच्या कोनाची करावी. माझ्या उमेदीच्या काळात एका प्रयोगशाळेत मी हीच चूक केली आणि दोन महिने नमुना पुन्हा पुन्हा शुद्ध करत बसलो. ते दोन महिने मला आजही बोचतात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आता तुमच्या मनात येईल, पहिलं पीक २.८ अंशांवर राहून गेलं तर दुसऱ्या कोटीचं पीक ५.६ अंशांवर यायला हवं होतं. ते तर स्कॅनच्या आत आहे, मग तेही का नाही? फार चांगला प्रश्न आहे हा. स्मेक्टिक म्हणजे काय ते याच्या उत्तरातून जितकं कळतं तितकं माझ्या अनुभवात दुसऱ्या कशातून कळत नाही.

'थर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फडताळातले कप्पे येतात, विटांची भिंत येते. आपल्याकडे ज्वारी काढल्यावर कडब्याची पेंढी बांधतात, तेव्हा बांधायच्या आधी ताटं बुडख्याकडून जमिनीवर आपटून सारखी करतात. न आपटलेली ताटं एकाच दिशेला असतात, पण कुणाचा बुडखा पुढे, कुणाचा मागे: ही नेमॅटिक अवस्था. आपटून सारख्या केलेल्या पेंढ्या एकीपुढे एक लावल्या की बुडखे एका ओळीत, शेंडे एका ओळीत: हा स्मेक्टिक ए. वर्गात मी हीच उपमा द्यायचो आणि पहिल्या दिवसापुरती ती चांगली आहे. दुसऱ्या दिवशी मात्र ती सोडावी लागते, कारण कडब्याच्या ओळीला कडा असते. इथे ओळ संपली, तिथे दुसरी सुरू झाली, असं बोट ठेवून सांगता येतं. ८सीबीत तसं बोट ठेवता येत नाही.

त्या पदार्थात थरांना लंब दिशेने जाताना रेणूंच्या मध्यबिंदूंची घनता मोजत गेलात तर ती हळूच वाढते, हळूच कमी होते, पुन्हा वाढते. आकार साइनच्या लाटेच्या अगदी जवळचा. दर ३१.७ अँगस्ट्रॉमला एक उंची. उंचीवर रेणू जास्त सापडतात, खोलगटात कमी, पण खोलगट रिकामा नसतो. काही रेणू कायम तिथेही असतात, एका थरातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेवर. थर म्हणतो ते या लाटेला.

आता दुसऱ्या कोटीच्या पिकाकडे या. एक्स-रेचा आलेख म्हणजे घनतेच्या आकाराचं सुरांमध्ये केलेलं पृथक्करण. सनईचा स्वर उपस्वरांनी भरलेला असतो, कारण त्याची लाट टोकदार असते. बासरीचा हळुवार स्वर साइनच्या जवळ जातो, म्हणून त्यात उपस्वर क्षीण. थरांना भिंतीसारख्या कडा असत्या तर दुसरी, तिसरी, चौथी कोटी ठळक उमटली असती. साबण-पाण्याच्या थरयुक्त अवस्थेत तशा बऱ्याच कोट्या दिसतातही. ८सीबीत पहिली कोटी प्रखर आणि दुसरी इतकी दुबळी की साध्या स्कॅनच्या गोंगाटात ती हरवते. तेव्हा ५.६ अंशांवर काही न दिसणं हा तुमच्या नमुन्याचा दोष समजू नका. तिथली लाट मऊ आहे, याची ती खूण आहे. प्रकल्पाच्या अहवालात हे जरूर लिहा.

घन का नाही, याचं उत्तर तुम्हाला मिळालेल्या त्या एकमेव उंचवट्यात आहे. १९.७ अंश म्हणजे सुमारे ४.५ अँगस्ट्रॉम. हे एका थरातल्या शेजारी-शेजारी उभ्या रेणूंमधलं सरासरी अंतर. ते टोकदार पिकात न येता पसरट येतं, म्हणजे आडव्या दिशेला कुठलीही जाळी नाही, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची जागा ठरलेली नाही. साध्या तेलाच्या आलेखातही असाच उंचवटा येतो. एका दिशेला ठरावीक अंतराची लाट, रेणू सरासरीने त्याच दिशेला उभे, उरलेल्या दोन दिशांना निव्वळ द्रव: ही स्मेक्टिक ए ची पूर्ण व्याख्या आहे. एक सावधगिरी मात्र घ्या. काचपट्टीचा स्वतःचा उंचवटा २२ ते २५ अंशांच्या भागात येतो आणि तो या उंचवट्यात मिसळतो. रिकाम्या पट्टीचा स्कॅन वेगळा घेऊन वजा करा, नाहीतर ४.५ चा आकडा काचेने बिघडवलेला असेल.

थरात रेणू मोकळे फिरतात आणि थर ओलांडूनही जातात. या अवस्थांमध्ये विसरण गुणांक (रेणू किती झपाट्याने पसरतात याचं माप) चौरस मीटर दर सेकंद या एककात साधारण १० चा उणे ११ वा घात या पातळीचा असतो. हिशेब केलात तर एक रेणू शेजारच्या थरात पोचायला सेकंदाचा लाखावा भागसुद्धा घेत नाही. थर टिकून राहतात, थरातली माणसं बदलत राहतात. आषाढीच्या दिंडीत ओळ तीच दिसते, टाळकरी मात्र पुढच्या ओळीतून मागच्या ओळीत येत-जात असतात, तसंच.

मग मुळात थर होतातच का? यावर पुस्तकं एखादं वाक्य लिहून पुढे जातात, म्हणून जरा थांबतो. ८सीबीच्या कुटुंबाकडे बघा. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सायनोबायफेनिल रेणूंची ही मालिका तयार केली. सगळ्यांचा गाभा एकच: दोन बेन्झीन कडी आणि टोकाला सायनो गट. बदलते ती फक्त कार्बनची शेपटी. ५ कार्बनांची शेपटी असेल तर फक्त नेमॅटिक, स्मेक्टिक नाहीच. ६ ला तेच, ७ ला तेच. ८ ला पहिल्यांदा स्मेक्टिक ए येतो आणि त्याच्या वर सात अंशांचा नेमॅटिक उरतो. ९ ला नेमॅटिक जेमतेम दीड अंशाचा उरतो. १० ला नेमॅटिक गायब, स्मेक्टिकमधून थेट समदिक् द्रव, म्हणजे रेणूंना ठरलेली दिशाही नसलेला साधा द्रव. एकेक कार्बन वाढवत गेलं की थर कसे हळूहळू जिंकतात, ते या चार-पाच आकड्यांत स्पष्ट दिसतं.

कारण असं की ताठ गाभ्यांना गाभ्यांची सोबत आवडते आणि लवचीक शेपट्यांना शेपट्यांची. शेपटी आखूड असेल तर ही आवड उष्णतेच्या धडपडीपुढे टिकत नाही. लांब झाली की गाभे गाभ्यांजवळ, शेपट्या शेपट्यांजवळ असे पट्टे पडतात. हे भौतिकशास्त्रज्ञ मॅकमिलन यांनी १९७१ मध्ये गणितात बसवलं. रेणूचा आकर्षण करणारा भाग थराच्या जाडीच्या तुलनेत जितका छोटा, तितका थर होण्याकडे कल जास्त, अशी त्यांच्या सिद्धांतातली एकच चावी आहे आणि या मालिकेला ती नेमकी लागते. अर्थात आकर्षण नसलं तरी थर होऊ शकतात. १९८८ मध्ये फ्रेंकेल, लेकरकर्कर आणि स्ट्रूबान्ट्स यांनी संगणकावर एकमेकांना फक्त ढकलणाऱ्या कठीण कांड्या घेतल्या आणि गर्दी वाढवल्यावर त्यांनीही थर केले. ओळीत उभं राहिल्याने आडव्या हालचालीला जागा मोकळी होते, एवढंच त्यामागचं कारण.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तोंडी परीक्षेत विचारतील. ८सीबीचा रेणू सुमारे २२ अँगस्ट्रॉम लांब आहे आणि थर ३१.७ चा. रेणूपेक्षा थर जाड कसा? सायनो गटामुळे रेणूला भलं मोठं द्विध्रुव असतं, म्हणजे एक टोक धन भाराचं आणि दुसरं ऋण भाराचं, त्यामुळे शेजारचे दोन रेणू डोकं-शेपूट उलट करून उभे राहतात. गाभे एकमेकांवर येतात, शेपट्या दोन्ही बाजूंना बाहेर. या जोडीची लांबी एका रेणूच्या साधारण १.४ पट भरते आणि थराची जाडी तीच.

मायक्रोस्कोपखाली थर दिसत नाहीत, ही तुमची तक्रार बरोबर आहे आणि बरोबर नाहीही. ३ नॅनोमीटरची गोष्ट प्रकाशाच्या मायक्रोस्कोपने सुटी दिसणं शक्य नाही. पण या विषयातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट इथेच आहे. थर असतात हे एक्स-रेच्या आधी मायक्रोस्कोपनेच सांगितलं. स्मेक्टिक नमुन्यात पंख्यासारख्या आकृत्या दिसतात आणि नीट पाहिलं तर त्यात बारीक काळ्या रेषा असतात: काही लंबवर्तुळाच्या, काही अपास्ताच्या (हायपरबोला), आणि एकाची नाभी दुसऱ्याच्या शिरोबिंदूवर. फ्रान्समधले स्फटिकशास्त्रज्ञ जॉर्ज फ्रिडेल यांनी १९२२ च्या आपल्या प्रदीर्घ लेखात यावरून असा तर्क केला: अशी रेषांची जोडी तेव्हाच पडते जेव्हा पदार्थात वाकू शकणारे, पण जाडी न बदलणारे समांतर पृष्ठभाग असतात. कांद्याची पापुद्री जशी गोल वळते पण तिची जाडी तीच राहते, तसे. म्हणजे थर आहेत. पुढच्याच वर्षी मॉरिस द ब्रॉय्ली आणि जॉर्ज यांचे चिरंजीव एडमंड फ्रिडेल यांनी एक्स-रेने ते अंतर मोजून दाखवलं. बापाने भूमितीवरून ओळखलं, लेकाने मोजलं. स्मेक्टिक आणि नेमॅटिक ही नावंही त्याच १९२२ च्या लेखातली. स्मेक्टिकचं मूळ साबणाशी, धुण्याशी संबंध असलेल्या ग्रीक शब्दात आहे. न्हाणीत साबणाच्या वडीखाली जो बुळबुळीत लगदा साठतो, त्यातही असेच थर असतात.

म्हणून पंखे दिसले की 'फॅन टेक्श्चर दिसलं' असं लिहून थांबू नका. मोठ्या भिंगाखाली एक लंबवर्तुळ शोधा, त्याचा अपास्त शोधा. शंभर वर्षांपूर्वीचा तो पुरावा तुमच्या डोळ्यांनी घ्या.

आता तापमान. मला या प्रश्नात सगळ्यात जास्त खटकला तो 'खोलीच्या तापमानाला' हा शब्द. ज्या देशांत ही पुस्तकं लिहिली गेली तिथे खोली वर्षभर २०-२५ अंशांवर असते. मराठवाड्यात खोलीचं तापमान म्हणजे काय? ८सीबी २१.५ अंशांना वितळून स्मेक्टिक ए होतो, ३३.५ ला नेमॅटिक, ४०.५ ला समदिक् द्रव. हे तीन आकडे परभणीच्या किंवा नांदेडच्या वर्षावर ठेवून बघा. माझ्या टेबलावर एक बंद कुपी वर्षानुवर्षं असायची. डिसेंबरातल्या सकाळी तिच्यात पांढरा घन, दुपारी दुधाळ, दाट लगदा, कुपी तिरपी केली तर जेमतेम सरकणारा. मार्चच्या दुपारी तोच पदार्थ दुधाळच, पण तेलासारखा वाहणारा. मेमध्ये दुपारी वीज गेली, पंखा थांबला की काही वेळाने पाण्यासारखा नितळ. चारही अवस्था, हॉट स्टेजशिवाय (मायक्रोस्कोपखाली नमुना तापवायच्या बैठकीशिवाय), नुसत्या ऋतूंवर. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ती कुपी हातात द्यायचो आणि मुठीत धरायला सांगायचो. हिवाळ्यात तळहाताच्या उबेने लगदा पातळ व्हायचा, सोडली की पुन्हा दाट.

तुमचा स्कॅन कुठल्या महिन्यात, किती अंशांना घेतला, हे म्हणून मला हवं आहे. एक्स-रेच्या खोलीत एसी असेल तर चिंता नाही. एसी बंद असताना मार्चमध्ये घेतला असेल तर तुम्ही नेमॅटिक मोजलं असण्याची शक्यता आहे. तिथे २.८ अंशांजवळ टोकदार पीक नसतं, थर होण्याच्या तयारीतल्या तुटक पुंजक्यांचा एक मंद फुगवटा असतो. उलट बाजूने, ८सीबी गोठायला फार आळशी आहे. २१.५ च्या खाली गेला तरी बराच वेळ स्मेक्टिकच राहतो. त्यामुळे १८ अंशांना लगदा दिसला म्हणून थर्मामीटरवर संशय घेऊ नका.

स्मेक्टिक ए की नेमॅटिक, हे मायक्रोस्कोपने ओळखायची एक खूण सांगतो जी पुस्तकात ठळक छापत नाहीत. नेमॅटिक सतत लुकलुकतं. क्रॉस केलेल्या, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या पोलरायझरमधून पाहिलं की सबंध क्षेत्रात थरथर चालू असते. नमुना थंड करत ३३.५ ओलांडला की ती थरथर एकाएकी थांबते, जणू कुणी श्वास रोखला. कारण थर आले की रेणूंच्या दिशेला पीळ देणं आणि एका प्रकारे वाकवणं अशक्य होतं. तसं केलं तर थरांची जाडी बदलावी लागेल, आणि ते फार महाग पडतं. डीएससीच्या, म्हणजे नमुना तापताना किती उष्णता शोषतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात हे संक्रमण इतकं बारीक असतं की वितळण्याच्या पिकाशेजारी ते नजरेतून सुटतं. डोळ्यांना मात्र ते सुटत नाही.

ए आणि सी यांतला फरक ८सीबीवर दाखवता येणार नाही, त्यात सी अवस्था नाहीच. त्यासाठी टीबीबीए हा दुसरा द्रवस्फटिक घ्या, पण हॉट स्टेज लागेल. तो थंड होताना सुमारे २०० अंशांना नेमॅटिकमधून ए मध्ये, १७२ ला ए मधून सी मध्ये आणि १४४ ला आणखी बांधलेल्या जी अवस्थेत जातो. सी मध्ये थर तसेच, रेणू मात्र थराला लंब न राहता कलतात. कलले की थर पातळ होतो: ३० अँगस्ट्रॉमचा थर, २५ अंशांचा कल, तर उरतात २७.२. पीक २.९४ अंशांवरून ३.२५ वर सरकतं. हे सरकणं संक्रमणानंतर हळूहळू होतं, कारण कल शून्यापासून वाढत जातो. मायक्रोस्कोपमध्ये पंखे तुटक, चरे पडल्यासारखे होतात. आणि ज्या भागात रेणू काचेला लंब होते म्हणून ए मध्ये काळा अंधार होता, तिथे राखाडी ढग उमटतात, कारण कल कुठल्या बाजूला हे आता जागोजागी बदलतं. त्या ढगांत काही बिंदू असतात आणि प्रत्येकातून चार काळे पट्टे निघतात. नेमॅटिकमध्ये दोन पट्ट्यांचे बिंदूही असतात, सी मध्ये नाहीत. परीक्षकाला हे सांगितलंत तर तुम्ही खरंच पाहिलंय हे त्याला कळेल. एवढं मात्र ध्यानात ठेवा की काही पदार्थांत कल येऊनही थराची जाडी जवळपास बदलत नाही, त्यामुळे निव्वळ पिकाच्या जागेवरून सी नाकारू नये.

आता पुढे काय करायचं ते. यंत्र १.५ अंशांपासून सुरू होतं का विचारा. सुरुवातीची फट सर्वांत अरुंद लावा, नमुन्यावर सुरीसारखी धार असलेला अडसर असेल तर तो बसवा, नाहीतर थेट किरण तुमचं पीक गिळून टाकेल. यंत्र ३ अंशांखाली जातच नसेल तर नमुना लघुकोन एक्स-रेची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा, एक मिलिमीटरच्या पातळ काचनळीत भरून आणि दोन्ही टोकं बंद करून. मोजणीच्या आधी नमुना ४५ अंशांपर्यंत तापवून समदिक् करा, मग मिनिटाला अर्ध्या अंशाने ३० पर्यंत उतरवा. थर काचेला समांतर बसतील आणि पीक कितीतरी उंच येईल. पायरी पायरीने ३०, ३२, ३३, ३३.५, ३४, ३६ अंशांना स्कॅन घ्या. टोकदार पीक ढासळून फुगवटा होताना दिसेल. प्रत्येक आलेखावर तापमान दशांशासह लिहा.